पैलवानाच्या पाठीची ऊब

कुसळी गवतातून चालून आलं की घोंगड्याचं काय होतं, ठाऊक आहे? एक कुसळ उपटायला बसावं तर शेजारी चार दिसतात. आम्हा मेंढक्यांच्या गोष्टी तशाच. एक सांगायला घेतली की दुसरी बोटाला टोचते. परवा नातू डोंगरावर रातच्या मुक्कामाला निघाला. तंबू, झिपची गादी, हातमोजे, पायमोजे. म्हणे कॅम्पिंग! मी म्हटलं, लेका, आमचा अर्धा जन्म त्यातच गेला, फक्त त्याला असलं नाव असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. हसला आणि गेला. घरात ऐकायला कुणी थांबत नाही, म्हणून लिहितोय. शाळा दुसरीतच सुटली. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

बेचाळीसची चळवळ पेटली, त्याच्या पुढचा हिवाळा. आम्ही माणदेशातले धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कराडच्या खाली कृष्णाकाठी उतरायचं. तिथले बागायतदार रानात रातभर मेंढरं बसवून घेत. लेंड्यांचं खत पडतं, आमच्या पदरात जोंधळे पडतात. म्होरक्या माझा चुलता धुळाअण्णा. त्याची बायको सुबाकाकू. आणि त्या साली एक जादा गडी होता, पैलवान. काठावरच्याच गावचा, उसाच्या घरातला, दूधतुपावर पोसलेला. तारा तोडल्या म्हणून त्याच्यावर वॉरंट होतं. सापडला तर फटके, जेल, आणि घरच्या जमिनीवर जप्ती.

अण्णानं त्याच्या डोक्याला पटका बांधला, हातात काठी दिली आणि म्हणाला, झालास धनगर. पोलीस फसले असते. थंडी काही फसली नाही.

*

पहिल्या रात्री अण्णानं त्याला कोरं घोंगडं दिलं. विणताना त्याला चिंचोक्याची खळ लावतात, त्यामुळं नवं घोंगडं लाकडाच्या फळीसारखं ताठ. वर्षभर अंगावर घासलं की मऊ पडतं. ह्याला कुठलं माहीत! डोकं झाकलं की पाय उघडे, पाय झाकले की छाती उघडी. वर केस टोचतात ते वेगळंच. रातभर धडपड ऐकू येत होती.

सकाळी डोळे लाल करून म्हणाला, "अण्णा, हे पांघरायचं, का ह्याच्यासंगं कुस्ती धरायची?"

काकू चुलीपासनं मान वर न करता म्हणाली, "आन् रातभर तूच खाली व्हतास की रं."

*

मेंढरांचा वास सोसंना म्हणून तो लांब बांधाला निजायचा. नदीवरचं वारं तिथंच घुसतं. सांगून कळणारं ते नव्हतं. पहाटे बघतो तर गडी कळपाच्या मधोमध, दोन मेंढ्यांच्या पोटाला हात घालून घोरतोय.

मग त्याला एक अक्कल सुचली. मेंढरू बसून उठलं की खालची जागा गरम असते. हा मेंढराला उठवायचा आणि तिथं आपण आडवा व्हायचा. गार पडली की दुसरं उठवायचा. मेंढ्या गरीब, उठल्या. एडका गरीब नव्हता. दोनदा उठला, तिसऱ्या वेळी चार पावलं मागं सरला आणि असा धावून आला की जत्रेतल्या फडात कुणाला न पडलेला हा पैलवान पाठीवर!

माती झटकत आमच्याजवळ आला. म्हणाला, हे कुणाला सांगू नका.

अण्णा म्हणाला, "सांगायचं कसं रं? तू हितं न्हाईसच की."

*

मोठी शेकोटी करायची सोय नव्हती. सडकेवरनं जाळ दिसला की गस्तवाले हमखास शेकायला यायचे. म्हणून आम्ही खड्डा काढायचो, त्यात निखारे, वर वीतभर माती, आणि मातीवर निजायचं. पाठ रातभर शेकते आणि धूर नाही. पैलवानानं आपला खड्डा आपणच काढला. मला येतं म्हणाला. घाई झाली असणार, माती नुसती भुरभुरली. थोड्या वेळानं धोतर पेटलं आणि हा धावत जाऊन थेट कृष्णेत!

बाहेर आला तेव्हा दात असे वाजत होते की कुत्री भुंकायला लागली. काकूनं त्याला कोरडं नेसायला दिलं, शिव्या दिल्या, आणि मग दोन घोंगड्यांत घालून माझ्या पाठीला पाठ लावून निजवलं.

आणि तिथं मला शोध लागला.

*

शोध असा, की हा माणूस नव्हता, भट्टी होती. स्वतः कुडकुडायचा, पण पाठीतनं अशी ऊब निघायची की मी त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा थंडीत पाय सरळ करून निजलो. आमच्यात दोघांनी जोडीनं निजायची पद्धत. दोघांची घोंगडी एकावर एक, म्हणजे दोघांनाही दुहेरी. मी शहाणा असतो तर गप बसलो असतो. सकाळी बोलून गेलो.

दुसऱ्या रात्री अण्णा पैलवानाशेजारी. म्हणे गुडघा दुखतोय. वीस वर्षांत त्याचा गुडघा दुखलेला मी पाहिला नव्हता. तिसऱ्या रात्री काकूनं अण्णाला आणि मला हाकललं आणि गारठ्यानं मान टाकलेली कोकरं आणून पैलवानाच्या कुशीत ठेवली. तो एवढा दांडगा गडी, रातभर कूस बदलली नाही. कोकरं जगली. पुढं ती त्याच्यामागं फिरायची, आयांना सोडून.

*

मग एका संध्याकाळी फौजदार आला. काठावरच्या धनगरांत कुणी पैलवान लपलाय अशी त्याला कुणकुण होती. अंधार पडलेला, कुत्री अंगावर येत होती, वास येत होता. उजाडल्यावर बघू म्हणाला, बरोबरच्या शिपायाला राखणीला आमच्यात ठेवलं आणि आपण घोड्यावरनं पाटलाकडं गरम जेवायला गेला.

शिपाई काटकुळा, उतारवयाचा. अंगात पातळ कोट, गळ्यात घरी विणलेला तांबडा मफलर. बोलायला गेला की शब्दाआधी दात वाजायचे. आता आमची रीत अशी, की दिवे लागल्यावर आलेल्या माणसाला सगळ्यांत उबेची जागा द्यायची. काकूनं त्याला भाकरी वाढली, दूध दिलं आणि बोट दाखवून म्हणाली, "दादा, त्या थोराड गड्याच्या पाठीला पाठ लावून पडा. न्हाईतर मराल."

अण्णाच्या तोंडातली विडी पडली. पण बोललेलं मागं कसं घ्यायचं?

शिपाई त्या घोंगड्यात शिरला आणि घटकेत घोरायला लागला. पैलवान मढ्यासारखा पडून. आमचा कुणाचा डोळा लागला नाही.

उजाडलं. काकू दुधाचं भांडं घेऊन निघाली आणि मध्येच थांबली. रात्रीत पैलवानाचा पटका सुटला होता. कुस्ती खेळून मोडलेले, भज्यासारखे फुगलेले ते दोन कान. पैलवान सोडून असले कान कुणाला नसतात, हे आमच्या मुलखात शेंबड्या पोराला कळतं. शिपाई उठून बसला होता आणि त्या कानांकडं बघत होता. पैलवानाचे डोळे उघडे.

सडकेवर घोड्याच्या टापा वाजल्या.

शिपायानं गळ्यातला मफलर काढला. पैलवानाच्या डोक्याभोवती गुंडाळला, दोन्ही कान आत घेतले, हनुवटीखाली गाठ मारली. वरनं घोंगड्याची खोळ ओढली.

"थंडी लय हाय गड्या," तो म्हणाला. "ऊन पडलं तरी सोडू नगंस."

पैलवान काठी घेऊन मेंढरांत शिरला. फौजदार बांधावरच थांबला, नाकाला रुमाल. आत कोण कोण आहे, शिपायाला विचारलं.

"समदी धनगरंच हाईत, सायेब."

रातभर जागा होतास ना, विचारलं. व्हय म्हणाला. फौजदारानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मफलर कुठं गेला रे तुझा?"

शिपायानं टाचा जुळवल्या.

"मेंढरानं खाल्ला, सायेब."