दहातले सात

धाड गावच्या बाजारपेठेत बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या चाचांइतका इंग्रजीचा पारखी मी पुढे विद्यापीठातही पाहिला नाही, आणि चाचांना इंग्रजी येत नव्हतं. दुकानाच्या मागच्या खोलीत, बीटी कपाशीच्या खोक्यांना लागून, त्यांनी एक कॉम्प्युटर ठेवला होता. आणला होता कंपन्यांशी पत्रव्यवहार करायला. पण कॉलेजात जाणारे आम्ही त्यावर इंग्रजी शिकायच्या साइट शोधत बसायचो, आणि चाचांनाच त्या साइटींचं वेड लागलं. सापडलेली प्रत्येक साइट ते वहीत बियाण्याच्या वाणासारखी नोंदवत. व्याकरणाच्या सरावाची एक साइट ‘लवकर येणारी’. शब्द उच्चारून दाखवणारा शब्दकोश ‘हलक्या जमिनीलेही चालते’. एका विलायती विद्यापीठाच्या भाषाविज्ञानाच्या पानांपुढे शेरा होता, ‘भारी जमीन पाह्यजे, कोरडवाहू पोरानं लावू नये.’ आणि जिथे जाहिरातीच फार, तिथे नुसतं ‘तण’.

या वहीत नाव चढणं सोपं नव्हतं. नवीन बियाणं विकण्याआधी चाचा दहा दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवत. सात उगवले तरच माल दुकानात लागे. साइटचंही तेच. आमच्यापैकी एकाने तिच्यावरून दहा शब्द शिकायचे, शब्द आणि अर्थ मराठी अक्षरांत चिठ्ठीवर लिहून चाचांना द्यायचे, आणि आठवड्याने गिऱ्हाइकांदेखत तोंडी परीक्षा. एकदा माझे चारच उगवले. ‘साइट खराब आहे, चाचा,’ मी म्हणालो. ‘साइट नाही बे, वावर खराब आहे,’ असं म्हणून त्यांनी मला पुन्हा आठवडाभर भिजत घातलं. हरभऱ्याचं बी घ्यायला आलेली एक आजी माझ्याकडे पाहून हळहळली, ‘काऊन रे बाप्पा, अजून कोंब नाही आला?’

मग एम.ए.च्या प्रवेशाची वेळ आली. भाषाविज्ञानाला जागा मोजक्या, आणि अर्जासोबत आपल्या गावच्या बोलीवर इंग्रजीत दोन पानं मागितली होती. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलेलं नव्हतं. प्रवेश हुकला तर परत वावर, आणि त्या साली वावरात पीक अळीच खात होती. भीतीपोटी मी त्या ‘भारी जमिनीच्या’ साइटवरून बोलींविषयीची दोन पानं जशीच्या तशी उतरवली आणि दुकानात दाखवायला नेली. चाचांनी कागद हातात घेतला. ‘मराठीत सांग.’ पहिली दोन वाक्यं सांगितली. तिसऱ्यावर अडकलो.

तेवढ्यात एक शेतकरी आला. त्याने किडकी बोंडं काउंटरवर ओतली आणि शेजारी बियाण्याचं रिकामं पाकीट ठेवलं, बिलासकट. चाचांनी लॉट नंबर उतरवून घेतला. ‘तू पाकीट ठेवलं म्हणून मले कंपनीशी भांडता येते,’ म्हणाले. तो गेल्यावर माझ्याकडे वळले. ‘त्याच्या बोंडात अळी आहे, पण पाकीट आहे. तुह्यापाशी काय आहे? अन् गाव तुह्यं, बोली तुह्यी, मग माल दुसऱ्याचा काऊन?’

बीटीच्या पाकिटासोबत तेव्हा साध्या कपाशीची एक छोटी पुडी यायची, अळीला बीटीची सवय लागू नये म्हणून शेताच्या चारी कडांना लावायला. लोक ती बांधावर फेकून देत. चाचांनी तशी एक पुडी माझ्या हातावर ठेवली. ‘मधात दुसऱ्याचं लाव, नाही कोण म्हणते? पण पाकिटासकट. अन् चारी बाजूनं आपलं साधं.’

मी पुन्हा लिहिलं. आईच्या बोलण्यातली वाक्यं, त्या आजीचा कोंब, माझं अडखळतं इंग्रजी. मधे दोन उतारे, आणि शेवटी साइटींचे पत्ते. मुलाखतीत मॅडमनी त्या यादीवर बोट ठेवलं. ‘संदर्भ द्यायला कोणी शिकवलं?’ ‘बियाणेवाल्यांनी,’ मी म्हणालो. त्या हसल्या. जागा मिळाली.

आता मी मुलांना शोधनिबंध लिहायला शिकवतो. चाचांनी पुढे कपाशीचं बियाणं ठेवणंच सोडलं. ‘दहातले सात उगवतात रे, पण पुढची हमी कोण देते?’ म्हणाले. गेल्या दिवाळीत भेटलो तेव्हा मला दाखवायला ती वही शोधत होते, सापडली नाही. माझ्या प्रबंधाच्या शेवटी लांबलचक संदर्भसूची आहे, पण त्या दुकानासाठी तिच्यात रकाना नव्हता. ती पुडी अजून माझ्या कपाटात, शब्दकोशाशेजारी आहे. दर जूनमध्ये वाटतं, दहा दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहावेत. हिंमत होत नाही.