अबू खालिद यांची गाडी आणि माझे शुक्रवार

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. खोलीतल्या पाच जणांनाही नाही. सुट्टीवर गावी गेलो की देवळात माझ्या नावाने गाऱ्हाणं घालतात, तेव्हा सगळे डोळे मिटून उभे असतात — तेव्हा मनातल्या मनातसुद्धा मी हे कधी बोललो नाही. आमच्या कोकणातल्या देवाला अमेरिकन गाडीच्या ब्रेकचं काय कळणार, असं म्हणून मीच माझी सुटका करून घेतली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कुठेतरी एकदा — असो. सांगतोच.

मी सुधाकर. दम्मामला एका बस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. अठरा वर्षं झाली. कॅम्पात सहा जणांची खोली, माझी खाट खिडकीजवळची. शुक्रवारी सुट्टी. शुक्रवार म्हणजे काय, हे आखातात एकट्याने काढलेल्या माणसालाच विचारा. सकाळी कपडे धुवायचे, दुपारी डाळ-भात, मग झोप, मग घरी फोन. मुलगी स्क्रीनवर येऊन ‘हाय पप्पा’ म्हणते आणि फोन आईकडे देते. तिचं काही चुकत नाही. ती चालायला लागली तेव्हा मी इथे होतो, दहावी झाली तेव्हाही इथेच. बोलणार तरी काय माझ्याशी?

अबू खालिद आमच्याच डेपोचे सुपरवायझर होते. सौदी, पण तीस वर्षं आमच्यासारख्यांत काढल्याने हिंदी मोडकीतोडकी का होईना, बिनधास्त बोलायचे. शिव्या तर अस्सल हिंदीत द्यायचे. रिटायर झाल्यावर एकदा त्यांनी मला अल-खोबरच्या घरी नेलं आणि अंगणातली ताडपत्री ओढली. खाली एक अमेरिकन गाडी. दोन दारांची, लांबलचक बॉनेटची, आठ सिलिंडरची — हल्लीची पोरं त्याला मसल कार म्हणतात. तरुणपणी घेतलेली, आणि गेली वीसेक वर्षं तशीच पडून. मागच्या सीटवर मांजर व्यालेलं होतं.

ती त्यांना घरीच, स्वतःच्या देखत, पुन्हा चालती करायची होती. दर शुक्रवारी येशील का, म्हणाले. साखरेने त्यांचा उजवा डोळा आधीच गेला होता. डाव्यात इंजेक्शनं चालू होती आणि डॉक्टर स्पष्ट काही सांगत नव्हते. त्यांची इच्छा एकच — डावा डोळा आहे तोवर एकदा ही गाडी स्वतः चालवायची, बायकोला शेजारी बसवायचं आणि समुद्रावर कॉर्निशला जायचं. लग्न झाल्यावर गेले होते तसं. फक्त एकदा. हे त्यांनी मला पहिल्याच शुक्रवारी सांगितलं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

वर्षभर खपलो. इंजिन उतरवलं, उघडलं, पुन्हा बांधलं. वायरिंग सगळं नवं ओढलं. गंज कापून पत्रे जोडले. अबू खालिद प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाने-पक्कड पुसायचे आणि मला सल्ले द्यायचे. बहुतेक चुकीचे. मी ‘जी, जी’ म्हणायचो आणि माझंच करायचो. पैसे घेत नव्हतो. कॅम्पातले म्हणायचे, सुधाकरला वेड लागलंय. पण त्यांना दुपारचं जेवण कुठे माहीत होतं?

त्यांची बायको, उम्म खालिद, मला कधी दिसली नाही. पुरुषांच्या बैठकीत त्या येत नसत. दाराआडून आवाज यायचा आणि अबू खालिद उठून ताट घेऊन यायचे. पहिल्या खेपेला मटण होतं. मी कोकणातला, समुद्राकाठचा, हे त्यांना कळलं आणि पुढच्या शुक्रवारपासून मासे-भात सुरू झाला. मसाला आपला नव्हे, पण मासा ताजा, आणि तो कुणीतरी माझं नाव घेऊन केलेला. एकदा माझं बोट कापलं होतं, तर ताटातला मासा काटे काढून ठेवलेला होता. इथल्या इतक्या वर्षांत असं माझं कुणी केलं होतं? मी पन्नाशीचा बाप्या, मान खाली घालून जेवलो.

आता तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगायला हवी. कारण म्हणून नव्हे — पण सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका घरी जनरेटर दुरुस्त करायला जायचो. महिनाभर. चहा, खजूर, ‘या अखी, माझ्या भावा’, सगळं. काम झालं त्या दिवशी मालक गेटपर्यंत आला, ‘खलास, शुकरन’ म्हणाला आणि गेट लावलं. पुढे बाजारात दिसला तेव्हा त्याने मला ओळखलं नाही. गरज सरो, वैद्य मरो — इथे हे रोजचं आहे, त्यात राग मानण्यासारखं काही नाही. पण त्या गेटाचा आवाज माझ्या डोक्यात बसला होता.

डिसेंबरात अबू खालिद यांची गाडी तयार झाली. निळा रंग लागला, इंजिन सुरू झालं. अंगणात असा आवाज घुमला की शेजारी भिंतीवरून डोकावले. राहिला होता फक्त ब्रेकचा मास्टर सिलिंडर. पेडल दाबलं की त्यातून तेल चाकांकडे जातं, तो. जुना गंजाने आतून खाल्ला होता. तो नसेल तर गाडी सुरू होते, पण थांबत नाही. म्हणजे गेटाबाहेर काढता येत नाही. त्यांचा मुलगा खालिद जेद्दाला असतो. त्याने अमेरिकेतून तो मागवला. कुरिअरवाले इथे आपलेच असतात, हिंदीत फोन करतात, लोकेशन मागतात. म्हणून पत्ता वर्कशॉपचा आणि नंबर माझा दिला होता, मेसेजही मलाच यायचे.

खोका जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात आला. वर्कशॉपच्या गेटवर मी सही केली. उघडून पाहिला — अगदी हवा तोच. त्या शुक्रवारी तो न्यायचा, दोन तासांत बसवायचा आणि अबू खालिद यांच्या हातात किल्ली द्यायची, एवढंच काम होतं. मी तो खाटेखाली ठेवला. का? एकच शुक्रवार, असं स्वतःला म्हटलं. आणखी एकदा जेवू, मग सांगू. एवढीच चोरी होती हो सुरुवातीला — एका जेवणाची.

त्या शुक्रवारी गेलो. त्यांनी दारातच विचारलं, “सुधाकर, सामान आया?”

मी म्हणालो, “अभी नहीं, अबू खालिद. कस्टम में होगा.”

आणि ते सोपं गेलं. मला वाटलं होतं, जीभ अडखळेल. नाही अडखळली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. तिसऱ्या शुक्रवारी खोका बाहेर काढणं मला अवघड वाटायला लागलं — त्यावर तारीख होती, कुरिअरच्या मेसेजवर तारीख होती, कुणी विचारलं तर? कुणीही विचारणार नव्हतं. तरी रोज वाटायचं, आज सांगू, आणि रोज काहीतरी व्हायचं. काही व्हायचंच नाही, हे खरं. मीच बसून राहायचो. खोटं बोलताना माणूस पाऊल टाकतो. नंतर त्याला फक्त उभं राहावं लागतं, आणि मी उभा होतो.

ते मुलावर चिडायला लागले. कुठल्या भिकार दुकानातून मागवलंस, म्हणून खालिदला फोनवर झापलं, माझ्यासमोर. पुढे आठवडाभर त्याचा फोन घेतला नाही. मी तिथे भाताचा घास घेऊन बसलो होतो. खालिद बिचारा म्हणाला, इथल्याच इंडस्ट्रियल एरियात दुसऱ्या गाडीचा सिलिंडर मिळेल, तो बसवून पाहा. बसला असता. थोडं घासावं लागलं असतं, पण बसला असता. मी म्हणालो, ब्रेकचं काम आहे, दुसरा लावायची जोखीम नको. माझ्या जबाबदारपणाचं कौतुक झालं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस आपल्याकडे वाईट म्हणतात. मी तर वासे काढून नेत होतो आणि वर शाबासकी घेत होतो.

रमजान गेला. उन्हाळा आला. अंगणात पाना हातात धरवेना इतका तापायचा, तरी मी जायचो. काहीतरी उगाच खोलायचो, पुसायचो, पुन्हा लावायचो. अबू खालिद कहवा ओतताना कपाच्या बाहेर ओतायला लागले. मी कप हळूच पुढे सरकवायचो. दिसत होतं मला सगळं. जुलैत एका शुक्रवारी त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि विचारलं, हिरवाच लावला ना आपण शेवटी? निळा त्यांनी स्वतः निवडला होता, चार डबे उन्हात मांडून.

सोमवारी मी फोन करून सांगितलं, सामान आलं. सात महिन्यांनी.

बसवलं. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक खाली. अबू खालिद पेडलवर बसले. मी खालून ओरडायचो — दाबा, सोडा, दाबा. ते लहान मुलासारखे खूश. मी गाडीखाली पाठीवर पडून होतो आणि मला रडू येत होतं. त्या दिवशी घामाचा मला फार उपयोग झाला.

मग त्यांनी पांढराशुभ्र पायघोळ थोब घातला, अत्तर लावलं. उम्म खालिद पहिल्यांदा अंगणात आल्या, नखशिखांत काळ्या अबायात, आणि शेजारच्या सीटवर बसल्या. गेट उघडलं. अबू खालिद यांनी इंजिन सुरू केलं, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले आणि समोर पाहत राहिले. बराच वेळ. मी गेटाजवळ उभा होतो, हात हलवून दाखवत होतो, या, या. त्यांना माझा हात दिसत नव्हता. गेटाचा खांबही दिसत नव्हता. त्यांनी इंजिन बंद केलं, उतरले, चाचपत माझ्यापर्यंत आले आणि किल्ली माझ्या हातात दिली. उम्म खालिद उतरून मागच्या सीटवर गेल्या.

कॉर्निशला मी नेलं त्यांना. त्यांच्या जागेवर बसून. ते माझ्या शेजारी, काच खाली करून. वाटेत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मागे वळून बायकोला अरबीत काही म्हणाले. तेवढं मला कळतं. म्हणाले, याला अल्लाने पाठवलं.

पुढच्या शुक्रवारी मी गेलो नाही. गाडी झाली होती, खलास. कपडे धुतले, डाळ शिजत ठेवली. दीडला फोन आला — कुठे आहेस, मासा गार होतोय. मी म्हणालो, गाडीचं काम तर संपलं. ते चिडले. गाडी खायची आहे का, म्हणाले.

म्हणजे काय, कळलं ना तुम्हाला? ते गेट माझ्यावर कधी बंद होणारच नव्हतं.

याला दोन वर्षं झाली. अजून दर शुक्रवारी जातो. आता डाव्या डोळ्यानेही काही दिसत नाही. मी हाताला धरून त्यांना गाडीत बसवतो, इंजिन सुरू करून देतो, ते आवाज ऐकतात. खालिद आला की मिठी मारतो मला. माझी बायको गावात सगळ्यांना सांगते, आमचे हे तिकडे एका म्हाताऱ्याची सेवा करतात. मी तिला अडवत नाही.

गेल्या महिन्यात जेवताना त्यांनी अचानक विचारलं, “सच बोलो, सुधाकर. सामान जनवरी में आता, तो मैं चलाता?”

मी हात धुवायच्या निमित्ताने उठणार होतो. उठलो नाही. म्हणालो, “नहीं, अबू खालिद. आपकी आँख तब भी नहीं थी.”

“अल्हम्दुलिल्लाह,” ते म्हणाले. “फिर ठीक है.” आणि शांतपणे जेवायला लागले. त्यांच्या मनातली टोचणी गेली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

जानेवारीत, खोका आला त्याच आठवड्यात, खालिदची इथेच ठेवलेली मोठी गाडी वाटेत होती म्हणून त्यांनी माझ्यासमोर ती स्वतः मागे घेत गेटातून बाहेर काढली होती. एका दमात. दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा होती, कुठे घासली नाही.