बेस वाजवायला कोणी तयार नव्हतं

आमच्या ग्रुपमध्ये दोन गिटार होत्या आणि भांडणाचं मूळ तेच होतं. एक माझी, एक माझ्या मित्राची. आम्ही दोघं पांढुर्ण्याच्या एकाच शाळेतले. मोबाईलवर व्हिडिओ पाहून एकत्रच गिटार शिकलो आणि वाजवायचोही एकसारखंच, म्हणजे जोरात. गायकाला आम्ही भाऊ म्हणायचो; सौंसरचे, आमच्याहून बरेच मोठे. ते कीबोर्ड वाजवत गायचे. लग्नं, गणपती, एप्रिलमधली जयंती, असे आमचे कार्यक्रम असायचे. दर रविवारी सौंसरला सराव व्हायचा, ऑक्टोपॅडवर ताल वाजवणाऱ्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. हंगामात तिथे संत्री भरली जायची, एरवी नुसते रिकामे कॅरेट रचलेले असायचे.

एका रविवारी भाऊंनी अर्ध्यातच गाणं थांबवलं.

"तुमच्या दोघाईच्या मधात माह्या आवाजाले जागाच नाही उरून राहिली," ते म्हणाले. "एकानं बेस घ्या. डाव्या हातानं मी बेस देतो, उजव्यानं सूर धरतो, आन् वरून गातो. कितीक करू?"

आम्ही दोघं उगाच तारा जुळवायला लागलो. मित्राची बोटं माझ्यापेक्षा चपळ होती, हे मला माहीत होतं. ते कोणी बोलून दाखवू नये एवढीच माझी इच्छा होती. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू घे. तुह्या हाताले वजन हाय."

ही स्तुती होती की समजूत, ते मला बसमध्ये पांढुर्णा येईपर्यंत कळलं नाही.

नागपूरहून जुनी बेस गिटार आणली. घरी वडिलांनी ती खाटेवर ठेवून नीट पाहिली. "चारच तारा? दोन तुटल्या काय?"

"इतक्याच असतात."

"मंग शिकाले सोपी असन."

मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या आठवड्यातच ते खोटं ठरलं. गिटारवाल्याला गाण्यात येण्याजाण्याची मोकळीक असते. एखादी तान घेतली, थोडा थांबला, पुन्हा आला, तरी चालतं. लोक त्याची वाट पाहतात. बेसला तसं नाही. ऑक्टोपॅडचा ठोका पडला की त्याच्यासोबत एक जाड स्वर ठेवायचा, तो संपू द्यायचा, आणि पुढच्या ठोक्यापर्यंत हात आवरायचा. माझा जीव तिथेच अडायचा. दोन ठोक्यांमधली ती रिकामी जागा मला सहन व्हायची नाही. मी मध्ये काहीतरी भरायचो. एकाचे तीन स्वर करायचो. गाणं हळूहळू पळायला लागायचं आणि भाऊ डोळे वटारून माझ्याकडे पाहायचे.

दुकानातही तेच. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. समोर बारीक स्क्रू आणि गिऱ्हाईक, आणि टेबलाखाली माझा पाय सारखा हलत असायचा. तिगावच्या एका लग्नात आम्ही वाजवलं, त्याचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर होता. त्यात मित्र पूर्ण दिसत होता. माझं फक्त कोपर होतं. कार्यक्रमाला आलेल्या एका ओळखीच्याला मी विचारलं, "कसं वाजलं?" तो म्हणाला, "मस्त. तू बी होता काय?"

अशात एका रविवारी ऑक्टोपॅडवाल्याची मोठी बहीण चहा घेऊन शेडमध्ये आली. ताई लहानपणापासून बहिऱ्या. ब्लाउज शिवतात, आणि सौंसरात बायका त्यांच्याकडे रांग लावतात. एरवी त्या चहा ठेवून परत जायच्या. त्या दिवशी माझ्या स्पीकरजवळच्या कॅरेटवर बसल्या. मी वाजवत होतो. त्यांनी एकदम खाली पाहिलं, मग हात कॅरेटवर सपाट ठेवला, मग उठून स्पीकरच्या पेटीवर.

भाऊंनी गाणं संपवलं. ताईंनी मित्राच्या गिटारकडे बोट दाखवून हात हलवला, काही नाही. मग माझ्याकडे बोट दाखवून आपल्या छातीवर दोनदा थापटी मारली.

"काय म्हणून राहिल्या?" मी विचारलं.

"तुह्यं तिले समजते म्हणे," ऑक्टोपॅडवाला म्हणाला. "शिलाई मशीनचं बी तिले असंच समजते, पायातून."

मी आनंदून जायला हवं होतं. खरं सांगायचं तर मी गोंधळलो. इतके दिवस कोणीतरी ऐकावं म्हणून तडफडत होतो, आणि ऐकलं कोणी, तर जिला ऐकू येत नाही तिनं. पुढच्या गाण्यात मी मुद्दाम जास्त वाजवलं, सगळी कारागिरी दाखवली. ताईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि पेटीवरचा हात काढून घेतला. मग तळहात खाली करून हवेत दाबला. हळू. मी हळू झालो. त्यांनी हात पुन्हा ठेवला.

त्यानंतर त्या बऱ्याचदा यायच्या. कौतुक करायच्या नाहीत. मी धावलो की हात काढून घ्यायच्या आणि सरळ शिवायला निघून जायच्या. मला राग यायचा. पण त्या बसून असल्या की माझी रिकामी जागा जरा सोसवायची, हेही खरं होतं.

मग मित्राला पुण्यात नोकरी लागली. गिटार घेऊन तो गेला, आणि भाऊ म्हणाले, "आता लीड गिटार तू पाय. बेसचं मी डाव्या हातानं भागवतो."

याचीच मी वाट पाहत होतो. पेटीतली गिटार काढली, तारा बदलल्या. रविवारी शेडमध्ये उभा राहिलो तेव्हा आतून उड्या मारत होतो. वाजवलंही बरं. दुसऱ्या गाण्यानंतर भाऊंनी मान हलवली. आणि मला जाणवलं की माझे कान खालच्या स्वरांकडे लागले आहेत. भाऊंचा डावा हात मिळमिळीत पडत होता, ठोक्याच्या जरा मागे, आणि तो नीट पडावा म्हणून मीच अवघडून उभा होतो. हातात गिटार, लक्ष दुसरीकडे. माझी तान दोनदा चुकली.

ताई चहा घेऊन आल्या. कॅरेटवर बसल्या, हात ठेवला, थोडा वेळ थांबल्या. मग माझ्याकडे पाहून दोन्ही हात उघडे केले. कुठे गेलं?

मी गिटार वर करून दाखवली. त्यांनी खांदे उडवले आणि उरलेला चहा परत घेऊन गेल्या.

त्या संध्याकाळी बसस्टँडवर मला बसवेना. छिंदवाड्याची बस गेली, नागपूरची गेली. मी फेऱ्या घालत होतो. ज्यासाठी इतकं कुढलो ते मिळालं होतं, आणि तरी चैन नव्हतं. भाऊंना फोन लावला.

"जयंतीच्या कार्यक्रमाले मी बेस वाजवतो," मी म्हटलं.

"आन् लीड?"

"नाही राहिलं लीड तरी चालन. तुम्ही कीबोर्डवर घ्या. डावा हात मोकळा होईल तुमचा."

 ते म्हणाले, "तूच म्हणून राहिला, पाय. मंग मले नको म्हणजो."

जयंतीच्या दिवशी रामाकोन्याला विहाराजवळच्या पटांगणात स्टेज होतं. ऊन उतरलं तसे लोक जमले. गिटार का नाही, ते कोणी विचारलंही नाही. तिसऱ्या गाण्याला बाया उठल्या, निळे फेटे बांधलेली माणसं उठली, आणि पटांगण नाचायला लागलं. ताई ऑक्टोपॅडवाल्या भावासोबत आल्या होत्या. त्या स्पीकरच्या भिंतीला पाठ टेकून उभ्या होत्या, डोळे मिटून, आणि त्यांचा पाय अचूक पडत होता. मी एकेक स्वर ठेवत गेलो. मध्ये भरायची हुक्की प्रत्येक गाण्यात आली. बहुतेक वेळा आवरली, दोनदा नाही आवरली.

आता आमच्याकडे नवा गिटारवाला आहे. पांढुर्ण्याचाच, कॉलेजात शिकतो, हात फार सुंदर चालतो. तो सोलो घेतो तेव्हा माझी बोटं अजून शिवशिवतात. मागच्या रविवारी त्यानं मला विचारलं, "दादा, तेच तेच वाजवाचा कंटाळा नाही येत तुम्हाले?"

"येते," मी म्हटलं.

भाऊंनी पुढचं गाणं सुरू केलं होतं. मी ठोक्याची वाट पाहत उभा राहिलो.