काकांना वाटलं तारा तरफेच्या आहेत

थांबा, बाकीचं राहू दे, हे आत्ताच्या आत्ता लिहिते, नाहीतर पोट फुटेल माझं!

मी डबल बास वाजवते. ते माझ्याहून उंच, व्हायोलिनच्या आजोबांसारखं दिसणारं वाद्य. काल घाटकोपरला एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या ग्रुपचा कार्यक्रम होता, आणि पहिल्यांदाच सुरुवातीचा तुकडा मी एकटी गजाने वाजवणार होते. चार महिने घासला होता!

साउंड चेकला गज फिरवला आणि वाट लागली. वाजवतेय एक तार, पण स्पीकरमधून उरलेल्या तिन्ही घूंऽऽऽ करतायत. थांबले तरी चालूच.

आमचा कीबोर्डवाला दादा म्हणाला, "हे घुमणं गेलं नाही ना, तर गज ठेव आणि बोटांनी वाजव. सॉरी यार."

मी रडकुंडीला. मिक्सरवरच्या काकांना ओरडून सांगितलं, "काका, बाकीच्या तारा घुमतायत!"

काका खूश. "हो ना! अजून थोडं वाढवतो."

"वाढवता कशाला?"

"अगं, तरफा ना त्या? सतारीच्या असतात तशा?"

काका आयुष्यभर सतारीच्या बैठकींचा साउंड करत आलेत. तिथे खालच्या तरफेच्या तारा आपोआप घुमल्या की लोक वाहवा करतात. म्हणून हे मघापासून मन लावून तेच वाढवत बसले होते!

"तरफा नाहीत हो, नुसता त्रास आहे!"

काका हसत सुटले, मग उठले. मिक्सरवर खालचे, म्हणजे बासचे सूर जरा कापले. "बास वाजवतेस आणि बास कमी करायला लावतेस, कमाल आहे!" माझ्या पाठीमागचा स्पीकर लांब सरकवला. डाव्या हाताची रिकामी बोटं मी बाकीच्या तारांवर हलकेच टेकवून धरली. तरी बारीक झणझण उरलीच. ती घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडी पट्टीच्या, खाली उरलेल्या तारांच्या तुकड्यांची. मग केसांचा कापडी रबर काढला आणि तिथे तारांमधून वरखाली विणून टाकला.

गज फिरवला. एकच सूर. स्वच्छ. थांबले, तर शांत!

दादा म्हणाला, "झकास. गजानेच वाजव."

आणि वाजवला की! मोकळे केस तोंडावर घेऊन, पण अख्खा तुकडा गजानेच.

तुमचं झालंय का असं कधी? तुम्ही जीव तोडून तक्रार करताय आणि समोरच्याला वाटतंय, कौतुकच चाललंय?