वाळूतल्या टापा

हा किस्सा सांगायचा म्हणजे अब्रू आधी घडी करून बाजूला ठेवावी लागते. घ्या चहा, सांगतो.

मस्कतला मी आता गोदाम सांभाळतो, पण मुंबईत वीस वर्षं काउबॉय लिहिले. आधी रेडिओवर, मग टीव्हीवर. बंदुका, वाळवंट, धुळीतून दौडणारे घोडे! मी स्वतः घोडा पाहिला होता तो फक्त वरातीत. आमची सगळी दौड वसंताच्या हातात. आवाज काढणारा वसंता दोन करवंट्यांवर चाळीस घोडे पळवायचा. पुढे मालिका बंद पडल्या आणि मी इकडे आलो.

परवा वसंताचा फोन आला. "शेवटचा एक भाग करू या रे दोघं. पण करवंट्या खूप झाल्या. तू वाळवंटात राहतोस ना? मरायच्या आधी एकदा खरा घोडा ऐकव."

मी शब्द देऊन बसलो. आमच्या अर्बाबचे, म्हणजे मालकाचे, गावाकडे घोडे आहेत. त्याला गाठलं.

"अर्बाब, मैंने बीस साल घोड़ों का काम किया."

"वल्ला, सच में? कितने घोड़े थे?"

"एक टाइम पे चालीस."

इथे तोंड आवरावं की नाही? पण जुन्या कामाबद्दल कुणी विचारलं की मी वाहवत जातो. ते घोडे कागदावरचे होते, एवढं सांगायचं तेवढं राहिलं.

शुक्रवारी अर्बाबने सगळा गोतावळा जमवला आणि कुणालाच पाठीवर न घेणारी घोडी माझ्यापुढे उभी केली. "यल्ला उस्ताद, इसको तुम ही समझाओ."

आता माघार कशी घेणार? मोबाइल रेकॉर्डिंगला लावून खिशात टाकला आणि चढलो. म्हणजे चौघांनी चढवलं. पुढचं फारसं आठवत नाही. वाळू मऊ होती, एवढं खरं.

रेकॉर्डिंग वसंताला पाठवलं. लगेच फोन. "टापा कुठायत रे?"

मीही ऐकलं. टापा नव्हत्याच. वाळूत घोड्याच्या टापा वाजत नाहीत हो! आणि मी वीस वर्षं वाळवंटात टपटप लिहीत आलो.

वसंताने पलीकडे रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं. म्हाताऱ्याचं मन मोडलं, असं मला वाटलं. मग म्हणाला, "टापांचं मी बघतो, करवंट्या आहेत अजून. तू फक्त ये. पण ती शेवटी किंचाळणारी बाई कोण? असली किंकाळी जन्मभर शोधत होतो. तिला घेऊनच ये."

त्या शुक्रवारी तिथे बाई एकही नव्हती. म्हटलं, "रजा मिळाली की येतो. दोघंही."