छत्रीच्या पुढे चालणारे दादा

माझे सासरे, म्हणजे आमचे दादा, आयुष्यात कधी कुणाच्या मागून चालले नाहीत. वरातीत ते नवरदेवाच्या पुढे असत, बाजारात पिशव्या घेतलेल्या आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पुढे. एकदा तर देवळाच्या प्रदक्षिणेत ते इतके पुढे गेले की आम्हाला मागून येऊन भेटले. "मोरच्याची पाठ बघत जायचं, तं घरी बसलेलं काय वाईट?" असं ते म्हणत. मोरचा म्हणजे पुढचा. लग्न होऊन मी पनवेल शहरातून त्यांच्या घरी आले तेव्हा हे वाक्य मला फार बाणेदार वाटलं होतं. वर्षभरात ते कानावर पडलं की माझं डोकं दुखायला लागायचं.

दादांचं मूळ घर कोन गावाच्या बाजूला. भातशेती होती, मिठागरात वाटा होता. सरकारने जमिनी घेऊन मोबदला दिला तेव्हा पुष्कळांनी नुसते बंगले बांधले, दादांनी ट्रक घेतले आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल वाहायला लावले. ट्रकवाला माणूस म्हणजे रस्ते पाठ असतील असं कुणालाही वाटेल. दादांना रस्ते पाठ नव्हते. त्यांना फक्त खात्री होती. रस्ता विचारणं हा त्यांना अपमान वाटायचा. चिरनेरला आईंच्या भाच्याच्या लग्नाला निघालो, तर "ह्यो शॉर्टकट माझा हाय" म्हणून त्यांनी गाडी अशा काही बांधावर नेली की आम्ही पोहोचलो तेव्हा नवरी जेवायला बसली होती. आई काही बोलल्या नाहीत. त्या तशा कधीच काही बोलत नसत. आहेराची पिशवी घेऊन मुकाट मांडवात शिरल्या.

म्हणूनच त्या दिवशी त्या बोलल्या तेव्हा आम्ही सगळे दचकलो. रविवारची सकाळ होती. आई ओट्यावर सुकट निवडत होत्या. माझा नवरा महेश पेपर वाचत होता आणि शेवटच्या पानावर युरोप सहलीची जाहिरात होती. तिच्यातला डोंगर बघून आई म्हणाल्या, "मला बरफ बघायचाय."

"त्यात काय, चल, मी दाखवतो," दादा म्हणाले. जणू काही युरोप म्हणजे कळंबोलीच्या नाक्यापलीकडे होतं.

मग महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. महेशचं म्हणणं होतं, सहल कंपनीबरोबर जायचं. व्हिसा ते काढतात, जेवण आपलं मिळतं, हिंडवून परत आणून सोडतात. दादा म्हणत, "मेंढरांवानी? आपन तिकीट काढू, उतरू, पायाला वाट फुटंल तिकडं जाऊ."

"दादा, तिथली भाषा येत नाही आपल्याला."

"मद्रासला माझ्या गाड्या जातात. तिथली येते का?"

"मद्रासला तुमचे ड्रायव्हर जातात," महेश म्हणाला, आणि दोन दिवस दादा त्याच्याशी बोलले नाहीत. शेवटी आईंनीच निकाल दिला. "कंपनीबरूबर जाऊ. कोनी सांगनारा असला तं काय बगतो ते समजंल तरी." दादांनी ऐकलं. का ऐकलं, ते मला तेव्हा कळलं नाही. बहुधा आईंनी तोवर त्यांच्याकडे काही मागितलंच नव्हतं, त्यामुळे नाही कसं म्हणायचं याची त्यांना सवय नसावी.

आमच्या सहलीचा व्यवस्थापक शिरीष नावाचा तिशीतला गृहस्थ होता. हसतमुख, घसा कायम बसलेला. त्याच्या हातात एक भगवी छत्री असायची. ती मिटलेली छत्री उंच धरून तो चाले आणि आम्ही चाळीस माणसं तिच्या मागून. पहिल्याच दिवशी, लंडनमध्ये, दादा छत्रीच्या पुढे. शिरीष जोरात चालला की दादा आणखी जोरात. तो बिचारा चौकात वळायचा आणि दादा सरळ निघून गेलेले असायचे. मग मी पळत जाऊन त्यांना परत आणायचं. पूर्ण युरोपभर माझी मुख्य कामगिरी हीच होती. लोकांच्या फोटोंत मागे राजवाडे, पुतळे दिसतात. आमच्या फोटोंत मी कुठे तरी कडेला धावताना दिसते.

ब्रसेल्सला तर कहर झाला. दादा इतक्या ऐटीत पुढे चालले होते की अर्ध्या लोकांना वाटलं, बस कुठे उभी आहे ते यांनाच ठाऊक आहे. वीसेक माणसं त्यांच्या मागून गेली आणि एका मंडईच्या मागच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी जाऊन उभी राहिली. त्यांत पुण्याचे एक निवृत्त इंजिनीअर होते. ते संतापून म्हणाले, "अहो, तुम्हाला माहीत नव्हतं तर सांगायचं!" दादा शांतपणे म्हणाले, "मी कुठं बोल्लो माझ्या मागं या म्हनून?"  त्या गृहस्थांनी तो राग पुढे माझ्यावर काढला.

आई मात्र बसमध्ये पहिल्या सीटवर, शिरीषच्या शेजारी. घरात ज्या बाईचा आवाज स्वयंपाकघराबाहेर येत नसे, ती त्याला प्रश्नांवर प्रश्न विचारत होती. हे चर्च कुणी बांधलं? राणीला किती मुलं? या गाई रात्री बाहेरच राहतात का? हॉलंडमध्ये त्याने सांगितलं की इथली पुष्कळ जमीन बांध घालून, समुद्र हटवून केलेली आहे, तेव्हा त्या खुलल्याच. "म्हंजे आमच्यासारी खारबंदिस्ती! मंग बांद फुटला की काय करतात?" शिरीष त्यांना सांगत राहिला. मागच्या सीटवर बसून मी पाहत होते. आईंना इतकं हसताना मी घरात पाहिलं नव्हतं. दादा त्याच वेळी तिसऱ्या रांगेतून ओरडून सांगत होते की ड्रायव्हरने चुकीची लेन धरली आहे.

पॅरिसला ठिणगी पडली. नदीवरच्या एका पुलाशी शिरीषने आम्हाला फोटोपुरतं उतरवलं. खालून लोखंडाच्या सळ्यांनी भरलेली एक लांबलचक बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू होडी, चालली होती. दादा कठड्याला चिकटले. जन्मभर लोखंड ट्रकवर लादलेला माणूस, नदीतून एवढा माल जाताना पाहून त्याचं भान हरपलं. "आरं, ह्या एका होडीत माझ्या सगळ्या गाड्यांचा माल मावंल!" तेवढ्यात छत्री वर झाली. चला, चला, पुढे मनोरा आहे.

खरं सांगायचं तर तेव्हा या घाईबद्दलचं त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. पण त्यांनी ते ज्या पद्धतीने मांडलं, ती पद्धत म्हणजे बसच्या दारात उभं राहून चाळीस लोकांना खोळंबून ठेवणं. "इतक्या टायमात माझा डायवर चाय पन पीत नाय! ही काय बगन्याची रीत हाय?" आणि रात्रीच्या जेवणाला त्यांनी जाहीर केलं, "उद्या आपन चौघं वेगळं जाऊ. मी नेतो."

महेशने कपाळाला हात लावला. मी काही बोलणार, तोच आई म्हणाल्या, "तुमी जा. मी बसमधी बसते."

दादांना ते नीट ऐकू आलं नसावं. "काय?"

"माझं बगायचं राहील. तुमी जाऊन या."

बस्स, एवढंच. आवाज चढवला नाही, ताटावरची नजर काढली नाही. पण तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच दादा निघाले आणि आई निघाल्या नाहीत. सकाळी मी हॉटेलचा पत्ता छापलेलं कार्ड दादांच्या खिशात घातलं. त्यांनी ते काढून टेबलावर ठेवलं आणि चालते झाले. महेश मागे जायला उठला, तर आईंनी त्याचा हात धरला. "जाऊंदे त्यांना."

त्या दिवशी आम्ही पॅरिसमध्ये काय काय पाहिलं ते मला आठवत नाही. मनोऱ्यावर चढलो, तिथून मी खाली गर्दीत दादांची पांढरी पँट शोधत होते. आई शिरीषचं सगळं ऐकत होत्या, पण प्रश्न एकही विचारत नव्हत्या. संध्याकाळी हॉटेलवर परतलो. दादा नव्हते. शिरीषने काउंटरवरून पोलिसांना फोन केला. नाव, उंची, वय सांगितलं. अंगावर काय होतं विचारल्यावर महेश अडखळला, आणि आईंनी शर्टाच्या बटणापर्यंत सगळं सांगितलं. लोक जेवायला निघून गेले. आई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी शेजारी बसले. मनातल्या मनात मी दादांना जे जे बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि मधेच वाटायचं, खरंच काही झालं असेल तर?

तिकडे उन्हाळ्यात फार उशिरापर्यंत उजेड असतो. त्या उजेडात दादा समोरच्या रस्त्याने येताना दिसले. बूट हातात, मोजे मळलेले, चाल लंगडी. आमचं हॉटेल गावाबाहेर नदीच्या काठाला होतं. सकाळी ते नदी धरून गेले होते आणि नदी धरूनच परत आले होते. कुणालाही न विचारता, अर्थात.

"बगितलं सगळं," ते आत येत म्हणाले.

महेश तोंड उघडणार होता. आईंनी विचारलं, "काय बगितलं?"

"त्या बारजी. एकीवर तं घरच हाय. बाई कपडे वाळत घालते, पोरगा सायकल चालवतो, होडीवरच! कुंड्या, पडदे, मोटार पन वर ठेवलेली. मी बोल्लो, बग गं, ह्या बाईचा संसार बग..." दादा थांबले. हातातले बूट त्यांनी खाली ठेवले. "बोल्लो, नि मागं वळलो. तं मागं कोन नाय."

 मग आई उठल्या. "पाय दाखवा," म्हणाल्या. फोड आले होते. खोलीत नेऊन त्यांनी बादलीत गरम पाणी घेतलं, त्यांचे पाय त्यात सोडले आणि म्हणाल्या, "उद्या बसमधी बसायचं."

दादा बसले. पण कुणाला वाटेल की माणूस बदलला, तर छे. तिथून पुढे ते आईंच्या मागच्या सीटवर बसून शिरीषच्या प्रत्येक वाक्याला फाटे फोडू लागले. स्वित्झर्लंडला आईंनी एकदाचा बर्फ हातात घेतला. चेहऱ्यासमोर धरून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. माझे डोळे भरून आले होते, आणि मागून दादा: "एवढा तं मासळीच्या धक्क्यावर रोज पडतो." आईंनी मूठ वळून तो गोळा सरळ त्यांच्या कोटावर मारला. पुण्याच्या इंजिनीअरांनी टाळ्या वाजवल्या.

परत आल्यावर आईंना प्रवासाचं वेडच लागलं. दरवर्षी आळीतल्या बायकांबरोबर त्या एका सहलीला जाऊ लागल्या. काशी झाली, राजस्थान झालं, नेपाळ झालं. दादा त्यांना बसपर्यंत सोडायला जायचे, ड्रायव्हरला चार उपदेश करून यायचे आणि मग आठ-पंधरा दिवस माझा जीव खायचे. चहा पाणचट झाला. भाकरी जाड झाली. "आता कुठं असंल ती?" असं दर तासाला विचारायचं आणि मी जयपूर म्हटलं की, "इतक्यात नाय पोचायची" म्हणून माझ्याशीच भांडायचं. आई परतल्या की दुपारी पडवीत बसून त्यांना सगळं सांगत, अगदी पहिल्या दिवसापासून, ओळीने. दादा प्रत्येक गोष्टीला आडवे जात. "हत्ती एवढा जिना चढंलच कसा?" "त्या महालाला लोखंड नाय वापरलं? मंग उबा कशावर हाय?" पाच मिनिटांची गोष्ट अर्ध्या तासाची होई. मला स्वयंपाकघरात ऐकून वैताग येई. वाटे, या बाईला एक वाक्य तरी सलग बोलू द्या.

आई दक्षिणेच्या सहलीला जायच्या होत्या तेव्हा दादांना बरं नव्हतं. श्वास लागत होता, डॉक्टर हृदय थकलंय म्हणाले होते. आईंनी नाव काढून घ्यायचं ठरवलं. दादा चिडले. "तू जा. मी काय पळून चाललो?" त्या गेल्या, आणि आल्या तेव्हा दादा अंथरुणाला खिळलेले होते. मग रोज दुपारी खाटेशी बसून त्यांची सहल सुरू झाली. तिरुपती दोन दुपारी पुरलं. मदुराईच्या देवळावर खूप वाद झाला. दादांचा आवाज बारीक झाला होता, पण "खांब हजार? मोजले का तू?" हे मला आत ऐकू आलं. रामेश्वरला समुद्रावरचा पूल आला, तेव्हा दादा बराच वेळ त्याच्या लोखंडाबद्दल विचारत राहिले. "उद्या कन्याकुमारी सांगते," आई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे दादा गेले.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. घर मोकळं झालं तशी एका दुपारी आई त्या खाटेशेजारी येऊन बसल्या. खाटेवरची गादी काढलेली होती. मला राहवलं नाही. जवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "आई, कन्याकुमारीचं मला सांगा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगायला सुरुवात केलीसुद्धा. सकाळी उठलो, समुद्रावर गेलो, तीन रंगांचं पाणी. मी हूं हूं करत ऐकत होते. दोन-तीन वाक्यांनंतर त्या थांबल्या, पदर सारखा केला आणि उठल्या.

"तुला काय सांगू, बाय," त्या म्हणाल्या, "तू मधी बोलतच नाय."