डावा इंडिकेटर आणि केज तालुक्यातलं मंगलाष्टक

मोटारसायकलींच्या तमाम कारखानदारांवर माझा एक गंभीर आरोप आहे. देशाचे दरवाजे उघडले, परदेशी कंपन्यांशी करार झाले, पेट्रोल नुसतं हुंगून धावणारी इंजिनं आली. पण वळण संपल्यावर आपण होऊन बंद होणारा इंडिकेटर काही आला नाही. एकदा डावीकडे वळलेला मनुष्य पुढे तीस मैल डावीकडे वळतोच आहे, असं ही गाडी जगाला सांगत सुटते. एखाद्याच्या हेतूविषयी इतका खोटा प्रचार निवडणुकीतही होत नाही.

हा आरोप घेऊनच मी पुण्याहून अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला निघालो. एकटा, मोटारसायकलवर, वैशाखात. मला तेव्हा एक्कावन्नावं चालू होतं आणि आमच्या सौ. सुमतीबाईंची अट स्पष्ट होती. "जाताय तर जा. पण गाडीला एक ओरखडा जरी दिसला तरी ती माझ्या भाच्याला. हल्ली तुमच्या हातून वस्तू पडतात." त्या महिन्यात दोन कप आणि एक तेलाची पळी पडली होती हे खरं. मी म्हणालो, कपांचे कान हल्ली निसरडे येतात, हाही नव्या आर्थिक धोरणाचाच परिणाम.

पाठशाळेत थोडं न्यायशास्त्र शिकलो असल्यामुळे निघण्यापूर्वी व्याख्या पक्की करून घेतली. नखाला लागेल तो ओरखडा. फडक्याने जाईल तो डाग. सुमतीबाईंनी मान्य केलं. गाडी पणाला लागली.

नगरपर्यंत रस्ता सभ्य आहे. कडा आलं की बीड जिल्हा सुरू होतो आणि डांबर मधल्या पट्ट्यापुरतं उरतं. समोरून येणारी एस.टी. तो पट्टा वडिलोपार्जित समजते, तेव्हा आपण मुकाट्याने खडीवर उतरावं. जेवायला थांबायचं तर ट्रकवाले थांबतात तिथे थांबा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि डोळ्यांत पाणी आणणारं पिठलं स्वस्तात मिळतं. पाणी मात्र स्वतःचं ठेवा.

आष्टीच्या पुढे एका शेताच्या तोंडाशी पागोट्यातले एक आजोबा हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. मी जवळून पुढे जाऊ लागताच त्यांनी हाताने अडवलं.

"वळा की पाव्हणं."

"मी सरळ चाललोय, आजोबा."

"मंग त्यो दिवा कावून लावलाव? पार त्या वड्यापासनं बघायलोय म्या. म्हणलं, कुणीतरी आपल्याकडंच यायलंय, पाणी काढून ठिवलं."

इतक्या तयारीनंतर सरळ जाणं अशिष्ट झालं असतं. चहा झाला. "एकलेच हिंडायलाव?" आजोबांनी विचारलं. मी हो म्हणालो. "घरी भांडून आलाव व्हय?" बीड जिल्ह्यात एकट्याने फिरण्याचं दुसरं कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. पुढे दोन दिवस प्रत्येकाने मला हेच विचारलं, आणि काहींनी तर समेट घडवून देण्याची तयारी दाखवली.

रात्री बीडमध्ये स्टँडजवळच्या लॉजवर मुक्काम केला. खोली बरी, ढेकूण माफक. एस.टी.डी. बूथवरून घरी फोन लावला.

"पडलात?"

"नाही."

"काही पडलं?"

"नाही." खोलीची किल्ली दोनदा पडली होती, पण किल्ली हा गाडीचा भाग नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांजरसुंब्याचा घाट सुखरूप झाला, केजला नाश्ता झाला, आणि एका ओळखीच्या गृहस्थांचा निरोप पोचवायचा म्हणून मी युसूफ वडगावच्या रस्त्याला लागलो. गाव दिसू लागलं आणि क्लचची वायर टणकन तुटली. गाडी लंगडत जिथे थांबली तिथे डाव्या हाताला लग्नाचा मांडव होता, आणि माझा डावा इंडिकेटर अर्थातच चालू होता.

"आले, आले! गुरुजी आले!"

बँड वाजू लागला. पांढरं धोतर, गुलाबी फेटा आणि घामाने निथळणारा चेहरा अशा एका गृहस्थांनी माझे दोन्ही हात धरले. हे नवरीचे मामा. त्यांना सगळे बाप्पा म्हणत होते. गुरुजी मोटारसायकलवरून यायचे होते, मुहूर्त टळायला आला होता, आणि चष्मा लावलेला एक मनुष्य दिवा लुकलुकवत मांडवात वळत होता. चूक त्यांची म्हणता येणार नाही.

"मी गुरुजी नव्हे," मी म्हणालो. "मी वर्तमानपत्रात लिहितो. माझी क्लच वायर तुटली आहे."

"ते ऱ्हाऊ द्या. मंगलाष्टकं येत्यात का न्हाई तेवढं बोला."

इथे नम्रपणे नाही म्हणायला हवं होतं. पण पाठशाळेत शिकलेल्या मनुष्याला काही येत नाही असं कबूल करणं जड जातं. "येतात," मी म्हणालो.

मला पाटावर चढवलं, डाव्या मुठीत अक्षता दिल्या, उजव्या हातात माइक. अंतरपाट धरला गेला. पहिली तीन कडवी अशी उतरली की माझे शिक्षक ऐकते तर गहिवरले असते. चौथं कडवं मात्र जिभेवर यायच्या आधीच नाहीसं झालं. मांडवभर हात अक्षता घेऊन वर उठलेले. बाप्पा माझ्या कानाशी फिस्कारले, "थांबू नका. चालीवर म्हणा, कायबी म्हणा!"

मनात जे होतं तेच तोंडात आलं. शार्दूलविक्रीडितात मी खणखणीत आवाजात म्हणालो,

"गाडीचा क्लच तो तुटून पडला, दोघे सुखाने रहा!"

"सावधान!" मांडव गरजला. अक्षतांचा वर्षाव झाला. मीही हात उचलला आणि मूठ उघडली. मूठ रिकामी होती. तांदळाची छोटी रास माझ्या पायांशी पडलेली. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी पदर तोंडाला लावला. "गुरुजी, आक्षता टाकायच्या असत्यात, पेरायच्या न्हाईत!"

मंडळी हसली. मीही हसलो.

खरे गुरुजी ट्रॅक्टरवर बसून पोचले तेव्हा पंगत बसत होती. त्यांची मोटारसायकलही वाटेत कुठेतरी निजली होती. त्यांना शेवटचं कडवं माइकवरून ऐकू गेलं होतं.

"क्लचचं हे कडवं कोणत्या शाखेत म्हणतात?"

"आमच्या वाहनशाखेत."

"वृत्त चोख आहे," ते गंभीरपणे म्हणाले आणि हात धुवायला गेले.

जेवणानंतर मला टोपी, टॉवेल, नारळ असा आहेर झाला. मी बाप्पांना म्हणालो, "हे सगळं ठीक, पण मी जाऊ कसा?" मांडवाच्या दाराशी जावयाला द्यायची कोरी मोटारसायकल हार घालून, हँडलला लाल रिबिनी बांधून उभी केली होती. गाडी माझ्याच जातीची. बाप्पांनी एकदा माझ्या गाडीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि टेंपोच्या ड्रायव्हरला हाक मारली. "तिची वायर काढ आन् ह्यांच्या गाडीला घाल."

नवरदेव मुंडावळ्यांसकट धावत आला. "मामा, माझ्या गाडीची काढायलाव व्हय?"

"उद्या केजहून नवी आणू की. आज कुठं जायचंय तुमाला?"

"पर मामा, कोरी गाडी हाय!"

"नवरीबी कोरीच हाय. तिच्याकडं बघा जरा, मघापासनं गाडीलाच न्याहाळायलाव!"

नवरी खाली बघून हसली. नवरदेवाला परत जावं लागलं. वायर बसली. मी पैसे काढले तर बाप्पा रागावले, म्हणून मी क्लचवरचं कडवं एका कागदावर लिहून जोडप्याला भेट दिलं. नवरदेवाने ते फारसं प्रेमाने घेतलं नाही.

संध्याकाळी अंबाजोगाई. देवीचं दर्शन शांतपणे झालं. काय मागितलं ते लिहिण्याची पद्धत नाही.

परतीला धारूरचा घाट घेतला. रस्ता अरुंद, वळणं चोरटी, एस.टी.चा हॉर्न ऐकू आला की जिथे असाल तिथे थांबा. घाट मी उत्तम उतरलो. पडलो तो सपाटीवर, वडवणीच्या बाजारात. गर्दीत गाडी हळू करताना क्लच हातातून निसटला, गाडीने एक उडी मारली आणि अत्यंत सावकाश, मांडी घालून बसावं तशी, वांग्यांच्या ढिगावर बसली.

वांगेवाल्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "दादा, भरीत चुलीवर करत्यात. गाडीखाली न्हाई!"

"चुकलं, मावशी."

"लागलं का कुटं?" त्यांनी आधी मला हात देऊन उठवलं आणि मग भाव सांगितला. त्या ढिगातली सगळी वांगी मी घेतली. वांग्यांवर पडणाऱ्या गाडीला ओरखडा येत नाही, ही माहिती कुठल्याही गाइडमध्ये मिळणार नाही. असा प्रवास करणाऱ्यांनी क्लचची जादा वायर जवळ ठेवावी, आणि वैशाखात जाणार असतील तर चार कडवी घोकून जावं. तीन पुरत नाहीत.

घरी पोचलो. सुमतीबाईंनी अंगणात गाडीभोवती एक फेरी घातली. टाकी, मडगार्ड, सगळीकडे नख फिरवून पाहिलं. एक जांभळा डाग निघाला, तो फडक्याने गेला. मग त्यांनी टोपी पाहिली, टॉवेल पाहिला, नारळ पाहिला, पिशवीभर चेपलेली वांगी पाहिली.

"एकटेच गेला होतात ना?"

"एकटाच."

त्या खूप हसल्या. गाडी माझीच राहिली. चहा आला, तो मी उजव्या हाताने घेतला.

कारखानदारांवरचा आरोप मी मागे घेतो. इंडिकेटरचं बटण डाव्या अंगठ्याखाली असतं आणि ते योग्य जागीच आहे. गेल्या पावसाळ्यापासून माझ्या अंगठ्याला ते लागत नाही. क्लच कधी सुटला ते बोटांना कळत नाही, आणि मुठीतल्या अक्षता सांडल्या ते मला खाली बघितल्यावर समजलं. गाडी उद्या भाच्याला गेली तरी चालेल. मला भीती वाटते ती या हाताची. सुमतीला हे मी अजून सांगितलेलं नाही.